सीडी लिहिली, पण बंद केली का? खानापूरच्या प्रश्नाला उत्तर

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून प्रश्न आलाय. गावच्या हरिनाम सप्ताहातली कीर्तनं कार्यकर्त्यांनी रेकॉर्ड केली, लॅपटॉपवर सीडी काढल्या आणि गावातल्या वयस्कर मंडळींना वाटल्या. लॅपटॉपवर सगळं ऐकू येतं, पण घरच्या डेकला लावली की ‘नो डिस्क’. शिवाय एका रीरायटेबल सीडीवर पहिल्या दिवसाचं कीर्तन होतं. दुसऱ्या दिवसाचं घातल्यावर पहिलं दिसेनासंच झालं. बेळगावातल्या एका दुकानदाराने सीडी बघून सांगितलं, “क्लोज केलेली नाही, आता काही होत नाही, नवी काढा.” तर हे क्लोज म्हणजे काय, आणि खरंच काही होत नाही का, असं विचारलंय.

बहुतेक वेळा होतं. पण किती होतं ते तीन गोष्टींवर आहे: डिस्क कुठल्या जातीची, कुठल्या सॉफ्टवेअरने कुठला पर्याय निवडून लिहिली, आणि शेवटी कुठल्या मशीनवर लावायची. तुम्ही तिसरी गोष्ट सांगितलीत, पहिली अर्धी सांगितलीत, दुसरी सांगितलीच नाही. म्हणून जे जे झालं असू शकतं ते सगळं धरून लिहितो. मी बेळगावच्या शहापुरात लग्नाच्या शूटिंगच्या कॅसेटी डिस्कवर उतरवून देण्याचं काम करतो. आता लग्नाची कामं पेनड्राइव्हवर गेली, पण जुन्या कॅसेटी आणि वकिलांच्या प्रती अजून येतात. आणि गिऱ्हाइकाची तक्रार दहापैकी नऊ वेळा तुमच्यासारखीच: ‘माझ्याकडे चालते, त्यांच्याकडे चालत नाही.’

या तक्रारीत डिस्क खराब नसते. तिच्यावर लिहिलेलंही जागेवर असतं. अडचण ही, की दोन मशिनं एकाच डिस्कवर दोन वेगळ्या ठिकाणी बघतात.

कोरी सीडी-आर म्हणजे 1.2 मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची चकती. तिच्यात आतून बाहेर जाणारी एकच लांब नागमोडी खाच, त्यावर रंगद्रव्याचा पातळ थर, त्यावर चकचकीत धातूचा थर आणि सगळ्यात वर लॅकर. रायटरचा, म्हणजे सीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हचा, 780 नॅनोमीटरचा लेसर जोर वाढवून त्या रंगद्रव्यावर डाग पाडतो. डाग पडला की तिथून उजेड नीट परत येत नाही, आणि वाचणाऱ्या मशीनला तेवढं पुरतं. एकदा पडलेला डाग पुसता येत नाही. म्हणून सीडी-आर एकदाच.

आता जागा कुठं कशी वाटलेली असते ते बघा, सगळी गंमत तिथंच आहे. अगदी आतल्या कडेला दोन छोट्या जागा फक्त रायटरसाठी राखून ठेवलेल्या असतात. एका जागेत लेसर लिहिण्याआधी आपला जोर तपासून घेतो. दुसऱ्या जागेत कच्ची नोंद होते: पहिला ट्रॅक इथून इथपर्यंत, दुसरा तिथून तिथपर्यंत. त्यानंतर येतो लीड-इन, साधारण दोन मिलिमीटरचा पट्टा. त्याच्या बाहेर तुमचं कीर्तन. आणि कीर्तन संपलं की लीड-आउट, म्हणजे ‘इथं संपलं’ अशी खूण. ट्रॅकची पक्की यादी लीड-इनमध्ये असते, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा लिहिलेली असते.

ट्रॅक एकेक करून लिहिताना रायटर लीड-इनचा पट्टा कोरा सोडून पुढे कीर्तन लिहायला लागतो. का? तर अजून किती ट्रॅक येणार हे त्याला ठाऊक नसतं. तोवर प्रत्येक ट्रॅकची कच्ची नोंद आतल्या जागेत होत राहते. तुम्ही ‘आता बस’ म्हणून सांगितलंत की तो मागे येतो आणि त्या कोऱ्या पट्ट्यात पक्की यादी लिहितो, शेवटी लीड-आउट लिहितो. हे लिहिणं म्हणजेच क्लोज करणं. वेगळी कुठली जादू नाही.

तुमच्या लॅपटॉपचा ड्राइव्ह स्वतः रायटर आहे, त्यामुळे त्याला ती कच्ची नोंद वाचता येते. डेकला येत नाही. डेक डिस्क फिरवतो, लीड-इनवर जातो, तिथं कोरं दिसतं, आणि तो ‘नो डिस्क’ म्हणून मोकळा होतो. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात होतं तसंच हे: पैसे दिले, ताबा घेतला, पीक उभं आहे, पण उताऱ्यावर नाव चढलेलं नाही. गावाला ठाऊक आहे जमीन कुणाची ते, पण बँकेतला माणूस फक्त उतारा बघतो.

हे डोळ्यांनीही दिसतं. सीडी-आरची खालची बाजू ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. लिहिलेला भाग कोऱ्या भागापेक्षा किंचित गडद असतो. बंद केलेल्या डिस्कवर हा गडदपणा आतल्या पारदर्शक भागाजवळून सलग सुरू होतो. बंद न केलेल्या डिस्कवर मधल्या भोकाकडून येताना आधी एक केसाएवढी रेघ, मग फिकट कोरी कडी, आणि तिच्या बाहेर गडद पट्टा. ती फिकट कडी म्हणजे राहिलेला लीड-इन. काही फिकट रंगाच्या डिस्कवर हे ओळखायला कठीण जातं, पण निळसर-हिरव्या डिस्कवर चांगलं दिसतं. दुकानदाराने बघूनच सांगितलं असेल, तर बहुधा हेच बघून.

क्लोज हा एकच शब्द आपण तीन कामांना वापरतो, आणि घोळ तिथून सुरू होतो. ट्रॅक बंद होणं वेगळं, सेशन (म्हणजे एका खेपेला लिहिलेले सगळे ट्रॅक) बंद होणं वेगळं, डिस्क बंद होणं वेगळं. ट्रॅक बंद झाला म्हणजे एक तुकडा पूर्ण झाला. सेशन बंद झालं म्हणजे आतापर्यंतच्या ट्रॅकची पक्की यादी लिहिली गेली, बाहेरच्या मशीनला तेवढं वाचता येईल. पण त्याच यादीत ‘पुढे अमुक जागेपासून अजून लिहायला मोकळं आहे’ अशीही नोंद राहते. डिस्क बंद झाली, म्हणजे फायनलाइज झाली, की ती पुढची वाट मिटते. जागा कितीही उरली असली तरी सीडी-आरवर मग काही लिहिता येत नाही.

सेशन उघडं-बंद करायला जागा मोजावी लागते. पहिलं सेशन बंद करून दुसरं सुरू करायचं तर साधारण 22 एमबी यादीतच जातात, त्यानंतरच्या प्रत्येक सेशनला साधारण 13 एमबी. 700 एमबीच्या सीडीवर रोज एकेक छोटी फाइल वेगळ्या सेशनमध्ये घालणारे लोक मग विचारतात, ‘300 एमबीचंच भरलं, फुल्ल कशी दाखवते?’ ती जागा इथं गेलेली असते.

आणि साधा ऑडिओ डेक फक्त पहिलं सेशन बघतो. दुसऱ्या सेशनमध्ये गाणी घातली तर त्याच्या लेखी ती नाहीतच. म्हणून डेकसाठीची ऑडिओ सीडी एका दमात लिहायची. सॉफ्टवेअरमध्ये ‘डिस्क-ॲट-वन्स’ असा पर्याय असतो. त्यात सगळे ट्रॅक आधीच ठरलेले असल्यामुळे रायटर लीड-इनपासून सुरुवात करतो आणि लेसर मध्ये न थांबवता लीड-आउटपर्यंत जातो. क्लोज करायचं राहून जाण्याचा प्रश्नच येत नाही. कीर्तनाला याचा आणखी एक फायदा आहे. ‘ट्रॅक-ॲट-वन्स’मध्ये प्रत्येक ट्रॅकनंतर लेसर बंद होतो आणि दोन सेकंदांची शांतता येते. बुवा चाल धरतायत, टाळ चढलेत, आणि ट्रॅक बदलला म्हणून मध्येच दोन सेकंद सन्नाटा. डिस्क-ॲट-वन्समध्ये ही फट शून्य करता येते.

आता तुमच्या डेकबद्दल एक शंका, आणि मला ती क्लोजपेक्षा जास्त वाटते. कीर्तन एमपी3 फाइल म्हणून सीडीवर कॉपी केलंत का? तसं असेल तर ती ऑडिओ सीडी नाही, डेटा सीडी आहे. जुन्या डेकला फाइल म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्याला 1980 साली ऑडिओ सीडीसाठी ठरलेल्या मूळ पद्धतीने लिहिलेला ऑडिओ लागतो. डेकच्या पुढच्या बाजूला एमपी3 असं छापलेलं आहे का बघा. नसेल तर डिस्क कितीही नीट बंद केली तरी उपयोग नाही. ऑडिओ सीडीत 80 मिनिटंच मावतात, म्हणजे दोन तासांच्या कीर्तनाला दोन डिस्का लागणार. एमपी3 केलंत तर अख्खा सप्ताह एका सीडीवर बसू शकतो, पण मग एमपी3 वाचणारा डेक हवा. दोन्ही एकदम मिळत नाही.

विंडोजचाही यात हात असतो. कोरी सीडी घातली की विंडोज 7 पासून पुढे एक खिडकी येते: ‘लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह’ की ‘विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर’. वरचा पर्याय आधीच निवडलेला असतो आणि लोक ‘नेक्स्ट’ दाबून मोकळे होतात. त्यात डिस्क यूडीएफ नावाच्या पद्धतीने फॉरमॅट होते. पेनड्राइव्हसारख्या फाइली ओढून टाकता येतात, पुसल्यासारख्याही दिसतात. सीडी-आरवर मात्र पुसलेली फाइल फक्त लपते, जागा परत मिळत नाही. कॉम्प्युटरवर ही डिस्क झकास चालते. बाहेर काढताना विंडोज सेशनही बंद करून देतो. तरीसुद्धा घरातला डेक, गाडीतला प्लेअर यातलं बहुतेक काही ही पद्धत वाचत नाही. म्हणजे इथं सेशन बंद आहे, पण डेकला कळणाऱ्या पद्धतीने लिहिलेलीच नाही. दुसऱ्यांना द्यायची डिस्क असेल तर खालचा पर्याय निवडा.

आता रीरायटेबलचं बघू. सीडी-आरडब्ल्यूमध्ये रंगद्रव्याऐवजी चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा मिश्रधातू असतो. लेसरने जोरात तापवून पटकन थंड केला की त्याची स्फटिक रचना मोडते आणि तिथून उजेड कमी परततो. मध्यम तापवला की पुन्हा स्फटिक बनतात, म्हणजे पुसलं गेलं. हे साधारण हजार वेळा करता येतं असं धरतात. पण त्यावरून परतणारा उजेड मुळातच कमी, 15 ते 25 टक्के. साध्या सीडीचा आणि सीडी-आरचा 65 टक्क्यांच्या आसपास असतो. जुन्या डेकचा डोळा तेवढ्या मंद उजेडासाठी बनवलेला नाही. त्यामुळे आरडब्ल्यू डिस्क बंद करून, ऑडिओ करून, सगळं नीट करूनही जुन्या डेकवर बऱ्याचदा लागत नाही. गावात वाटायला आरडब्ल्यू वापरूच नका. ती आपल्या टेबलावर चाचणी करायला ठीक.

पहिल्या दिवसाचं कीर्तन कुठं गेलं याची दोन उत्तरं असू शकतात. एक, तुम्ही दुसरं सेशन नव्याने सुरू केलंत. डेटा डिस्कवर कॉम्प्युटर शेवटच्या सेशनची फाइल-यादी बघतो. दुसरं सेशन लिहिताना सॉफ्टवेअरने पहिल्या सेशनची यादी आत घेतली, तर दोन्ही दिवस दिसतात. नाही घेतली, तर फक्त दुसरा दिवस दिसतो. पहिला डिस्कवर जसाच्या तसा असतो, त्याचा पत्ता मात्र कुणी सांगत नाही. नीरोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्टार्ट मल्टिसेशन’ आणि ‘कंटिन्यू मल्टिसेशन’ असे दोन वेगळे पर्याय असायचे ते यासाठीच. दुसऱ्या खेपेला ‘स्टार्ट’ दाबलं की संपलं.

दुसरं उत्तर जरा वाईट आहे. आरडब्ल्यू घातली की काही सॉफ्टवेअर विचारतात, ‘डिस्क कोरी नाही, इरेज करू?’ तुम्ही ‘यस’ दाबलं असेल तर गोष्ट वेगळी. ‘क्विक इरेज’ सगळं पुसत नाही. कच्ची नोंद, लीड-इनमधली यादी आणि सुरुवातीचा थोडा भाग पुसून डिस्क कोरी दाखवतं. ‘फुल इरेज’ आख्खी खाच पुसतं आणि वेळ घेतं. क्विक इरेजनंतर नवं कीर्तन पहिल्यापासून त्याच जागेवर चढलं, म्हणजे जुनं तेवढं कायमचं गेलं. त्यापुढे उरलेला तुकडा असला तरी साधा ड्राइव्ह तिथं जात नाही.

दोन्हींतलं काय झालं ते ओळखायचं सोपं आहे. आयसोबस्टर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्क उघडा. डावीकडे सेशन 1, सेशन 2 असं दिसलं तर पहिलं कीर्तन सेशन 1 मध्ये बसलंय, तिथून हार्डडिस्कवर काढून घ्या. एकच सेशन दिसलं तर दुसरी शक्यता खरी. मग ज्या फोनवर किंवा रेकॉर्डरवर कीर्तन घेतलं होतं तिथं मूळ फाइल आहे का तेच बघायचं.

डीव्हीडीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सप्ताहाचं शूटिंग असेल तर ते येणारच, म्हणून थोडं. तत्त्व तेच, लेसर 650 नॅनोमीटरचा आणि मावतं 4.7 जीबी. टीव्हीला जोडायच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर काढलेली डीव्हीडी-आर दुसरीकडे चालत नसेल, तर त्याच रेकॉर्डरच्या मेनूत ‘फायनलाइज’ शोधा. दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला ते जमेलच असं नाही, कारण अर्धवट डिस्कवरच्या नोंदी प्रत्येक जण आपल्या पद्धतीने ठेवतो. रेकॉर्डिंग थोडंच असेल तर फायनलाइजला उलट जास्त वेळ लागतो. मशीन कोरी जागा भरत जातं. अडकलं समजून प्लग काढू नका. डीव्हीडी+आरडब्ल्यूला सहसा वेगळं बंद करावं लागत नाही, नवं लिहिताना जुन्यावरच चढवता येतं.

वकिलांच्या प्रतींचा उल्लेख वर केला म्हणून तेवढं सांगतो. कोर्टात पुरावा म्हणून द्यायची डिस्क नेहमी सीडी-आर किंवा डीव्हीडी-आर, आणि फायनलाइज केलेलीच. उघडी डिस्क दिली की समोरचा वकील विचारणारच, नंतर यात काय घातलं? 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचं कलम 63 लागू आहे. त्याच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य (फाइलीवरून काढलेला आकड्या-अक्षरांचा ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) लिहावं लागतं, म्हणून डिस्क बंद करून, तिच्यावरून परत वाचून, मगच हॅश काढतो. फाइलींची नावं रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवतो. मराठीत ठेवलेलं नाव दुसऱ्याच्या मशीनवर नुसत्या चौकोनांत दिसू शकतं, आणि कन्नडचंही तेच. एमपी3 वाचणाऱ्या डेकच्या छोट्या पडद्यावर तर बहुधा रोमनच चालतं. डिस्कवर वर काय लिहायचं ते मराठीत लिहा, कन्नडात लिहा, दोन्हीत लिहा. फक्त बॉलपेन नको. सीडीचा लिहिलेला थर वरच्या लॅकरच्या लगेच खाली असतो, टोकाने ओरखडा पडला की खालून कितीही पुसून उपयोग नाही. डिस्कसाठीचा मऊ मार्कर वापरा.

पुढच्या सप्ताहाला सीडी काढाल तेव्हा बर्निंग चालू असताना करंट जाणार नाही याची सोय करा. पावसाळ्यात आपल्याकडे हा भरवसा नाही, त्यामुळे लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी, डेस्कटॉपला यूपीएस हवा. पूर्वी डेटा वेळेवर पोचला नाही की डिस्क वाया जायची. 2000 साली सान्योने बर्न-प्रूफ आणलं, मग इतर कंपन्यांनीही तसली सोय दिली, आणि आता ड्राइव्ह थांबून पुन्हा तिथूनच लिहायला लागतो. पण ही सोय करंट गेल्यावर कामाची नाही. दुसरं म्हणजे 98-99 टक्क्यांवर आकडा थांबतो तेव्हा लीड-इन आणि लीड-आउट लिहिणं चालू असतं. एक-दोन मिनिटं तसंच दिसतं. कंटाळून बटण दाबलंत की कीर्तन सगळं लिहिलेलं, आणि यादी नाही. लिहून झाल्यावर डिस्क एकदा रायटर नसलेल्या मशीनवर लावून बघा. तुमच्या लॅपटॉपवर चालली हा पुरावा नाही.

आता हातातल्या सीडी-आर. लॅपटॉपवर इमेजबर्न नावाचं सीडी लिहायचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे. डिस्क घालून उजवीकडच्या माहितीत ‘डिस्क स्टेटस’ बघा. ‘इनकम्प्लीट’ असेल तर दुकानदाराचं निदान बरोबर होतं, सल्ला चूक. टूल्स, मग ड्राइव्ह, मग क्लोज असा मेनू आहे; त्यात आधी सेशन बंद करून बघा, मग डिस्क. लिनक्सवाल्यांना वोडिम नावाच्या सॉफ्टवेअरचा ‘फिक्स’ पर्याय हेच करून देतो. ज्या ड्राइव्हवर लिहिली त्याच ड्राइव्हवर हे करा. लिहिताना मध्येच करंट जाऊन शेवटचा ट्रॅक अर्धवट राहिला असेल तर बंद होताना एरर येऊ शकतो. म्हणून आधी डिस्कवरचं सगळं हार्डडिस्कवर काढून ठेवा, मगच क्लोज दाबा.

स्टेटस ‘कम्प्लीट’ असेल तर बंद करायला काही उरलेलंच नाही. मग खालच्या यादीत ट्रॅक ‘ऑडिओ’ आहेत की ‘डेटा’ ते वाचा. डेटा असेल आणि डेकवर एमपी3 छापलेलं नसेल, तर नवी सीडी काढण्यावाचून इलाज नाही. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये बर्नच्या खाली ‘ऑडिओ सीडी’ निवडून 80 मिनिटांच्या आत बसेल एवढं कीर्तन घाला. ट्रॅक ऑडिओच निघाले, डिस्क कम्प्लीट आहे आणि तरी डेक घेत नाही, तर डेकच्या लेन्सवर धूळ बसली आहे का बघा. ते बघायला बाजारातून विकत आणलेली एखादी छापील सीडी लावा. ती लागली आणि तुमची नाही लागली, तर दुसऱ्या ब्रँडची कोरी सीडी-आर घेऊन मध्यम वेगाने, 16 एक्सच्या आसपास, पुन्हा लिहा. आणि स्टेटसच्या ओळीत काय आलं ते मला इथंच कळवा.